न्यायाधीशानं मन घरी ठेवून यावं, की सोबत आणावं?

निवृत्त लघुलेखिका

१८ ऑगस्ट २०२५ ला आपल्याकडं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी कोर्टाच्या गोष्टी आहेत. त्यात एक वाक्य फार कानावर येतं : "न्यायाधीशानं भावना घरी ठेवून यावं." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मी दिवाणी आणि सत्र न्यायालयात बरीच वर्षं न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून साक्षी टाइप केल्या आहेत, आणि मला हे वाक्य पटत नाही.

साक्ष कशी लिहिली जाते हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो. न्यायाधीश ते ऐकून आपल्या शब्दांत आम्हाला सांगतात, आम्ही टाइप करतो. "हे म्हणणे खरे नाही की..." अशी आमची ठरलेली वाक्यं असतात. अपिलात वरच्या कोर्टापुढं तो कागदच जातो. साक्षीदार किती वेळ गप्प राहिला, प्रश्न त्याला कळला होता का, हे न्यायाधीशांनी लिहून घेतलं तरच कागदावर येतं.

एक दावा सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. पन्हाळ्याकडच्या एक वयस्क बाई. भावांनी हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला होता, ते रद्द करून मागत होत्या. दाव्यात लिहिलं होतं की पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्या कर्जाचे कागद म्हणून फसवून अंगठा घेतला. उलटतपासात वकिलांनी विचारलं, अंगठा कोणत्या तारखेला दिला? बाई म्हणाल्या, "तारीख मला काय ठावं?" वकील म्हणाले, "म्हणजे तुम्हाला काहीच आठवत नाही." बाई गप्प. इथं पुष्कळ ठिकाणी "मला काही आठवत नाही" एवढं टाइप होऊन पुढचा प्रश्न येतो. या न्यायाधीशांनी मला हात करून थांबवलं आणि त्यांना विचारलं, "आजी, रानात ऊस उभा होता का तुटून गेला होता?"

"तुटून गेलता की. जोतिबाची यात्रा हुती त्या आठवड्यात."

मग कोण सोबत होतं, कागद कुणी वाचून दाखवला, सगळं ओळीनं आलं. चैत्रातली यात्रा आणि दस्ताच्या नोंदणीची तारीख जुळली. कागद वाचून दाखवला होता आणि भावानं पैसे दिले होते, हेही बाईंनीच सांगितलं. निकाल त्यांच्या विरोधात गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या न्यायाधीशांनी बाईंची बाजू घेतली नाही. बाई काळ कसा मोजतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून खरं काय ते बाहेर आलं. ते मन घरी ठेवून आले असते तर निकाल कदाचित तोच लागला असता, पण तो "आठवत नाही" या खोट्या पायावर लागला असता. तुम्हाला काय वाटतं?

जुना राजवाडा

ताई, लिहिलंय छान, पण मी विरुद्ध बाजूचा. आपल्या मराठी माणसाच्या मनात न्यायाधीश म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस. त्यांनी राघोबांच्या जागी उभं राहून बघितलं असतं तर?

आणि दुसरं. कळवळा कुणाचा येईल हे कोण ठरवणार? २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्यानं राखीपौर्णिमेला मिठाई घेऊन तक्रारदार बाईच्या घरी जावं आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. ओवाळणीचे ११,००० रुपयेही ठरवून दिले. ज्यानं घरात घुसून हात टाकला त्यालाच भाऊ करायचं! मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली आणि असल्या अटी घालू नका म्हणून सगळ्या कोर्टांना बजावलं. तो आदेश देणाऱ्याला आपण सहृदयच आहोत असं वाटत असणार. म्हणून मला माणसापेक्षा नियम बरा वाटतो. नियम सगळ्यांना सारखा दिसतो, आणि चुकला तर दाखवता येतो.

सायबर चौक

काका, त्या आदेशात कळवळा होता, पण तक्रारदार बाईच्या दारातून कुणी बघितलंच नाही. त्या सकाळी दार उघडल्यावर समोर तोच माणूस मिठाईचा पुडा घेऊन उभा, हे एकदा डोळ्यांपुढं आणलं असतं तर ती अट लिहिली गेलीच नसती. मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आम्हाला हा निकाल अभ्यासाला होता.

चंदगडी वकील

मी जामिनाबद्दल लिहितो, कारण माझं निम्मं काम तेच आहे.

१९७८ चा मोतीराम खटला वकिलांना पाठ असतो. एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. खालच्या दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. गवंडी आतच. प्रकरण पुन्हा दिल्लीला गेलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडलं आणि विचारलं, की गरिबाला त्याच्या आवाक्याबाहेरची रक्कम मागणं आणि जामीन नाकारणं यात फरक काय राहिला?

आजची गोष्ट बघा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेला परजिल्ह्यातला माणूस चोरीच्या संशयात अडकतो. जामीन होतो. जामीनदार स्थानिक पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे. तलाठ्याकडून तहसीलमध्ये, तिथून परत कोर्टात, असे दिवस जातात. ज्याला गावात कुणी ओळखत नाही त्याच्यासाठी स्वतःचा सातबारा कोण अडकवून घेणार? आदेशात "जामीन मंजूर" आणि माणूस बिंदू चौकातल्या नाहीतर कळंब्याच्या तुरुंगात.

राजवाडाकाका, इथं नियम काही मोडावा लागत नाही. रक्कम किती, जामीनदार एक की दोन, तूर्त रोख भरून सोडायचं का, हे सगळं कायद्यानंच न्यायाधीशावर सोडलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं, की जामीन होऊन महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर कोर्टानं आपणहून अटी सैल करता येतील का ते पाहावं. आता यादी बघून हे विचारणारे न्यायाधीश मी पाहिले आहेत. "हा अजून आत का?" एवढाच प्रश्न. त्या प्रश्नाला कुठलंही कलम आडवं येत नाही.

रंकाळाकाठ

वाचतोय. चांगली चर्चा.

शिरोळकर

मी शेतकरी माणूस, कायद्यातलं मला कळत नाही, पण आमच्या घरात घडलं ते सांगतो. थोरली वहिनी अपघातात गेली. वय अडतीस. नुकसानभरपाईचा क्लेम केला. विमा कंपनीचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, मयत गृहिणी होती, उत्पन्न शून्य. दादा तिथंच खाली बसला. दोन म्हशी तिच्या हातावर होत्या, धारा तीच काढायची, डेअरीला दूध तीच घालायची. भांगलण, घरचा स्वयंपाक, आईचं दुखणंखुपणं, दोन पोरांच्या शाळा. शून्य म्हणं.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी दादाला विचारलं, दूध किती जायचं डेअरीला? आता धारा कोण काढतं? तो म्हणाला, एक म्हैस इकली, दुसरीला गडी ठेवलाय. गड्याला काय देता? ते पण लिहून घेतलं. डेअरीची पासबुकं मागवली. पुढं रक्कम बरी मिळाली. पण दादा अजून म्हणतो, पैशाचं सोड, तिनं काय काय केलं ते कोर्टात कुणीतरी विचारलं. आता हे बरोबर झालं का भावनेत वाहून झालं, ते तुम्ही शिकल्याली माणसं सांगा.

चंदगडी वकील

दादा, शंभर टक्के बरोबर झालं. आकडेच मांडून दाखवतो, म्हणजे काकांचा आक्षेपही त्यात येईल.

मोटार अपघाताच्या दाव्यात हिशेब ठरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत तो बांधून दिला. महिन्याचं उत्पन्न घ्यायचं. मयत स्वतःचा व्यवसाय करणारी आणि चाळिशीच्या आतली असेल तर त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. अवलंबून असणारे चार ते सहा असतील तर मयताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. वर्षाचे १२ महिने, आणि ३६ ते ४० वयाला १५ चा गुणक. पती, दोन मुलं आणि सासू असे चार धरू.

उत्पन्न ३,००० धरलं तर : ४,२००, वजा जाता ३,१५०, वर्षाचे ३७,८००, गुणिले १५, म्हणजे ५,६७,००० रुपये.

उत्पन्न ९,००० धरलं तर : १२,६००, वजा जाता ९,४५०, वर्षाचे १,१३,४००, गुणिले १५, म्हणजे १७,०१,००० रुपये.

(हे आकडे समजायला घेतलेत, दादांच्या निकालातले नाहीत. अंत्यविधी वगैरेच्या ठरलेल्या रकमा यावर वेगळ्या.)

बघा, गुणक ठरलेला, वजावट ठरलेली. फरक पडला तो पहिल्या आकड्यानं. आणि तो आकडा कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो. गृहिणीच्या कामाचं मोल २००१ च्या एका निकालात महिना ३,००० धरलं होतं. जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी पाहणीचे आकडे घेतले : घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. गृहिणीच्या कल्पित उत्पन्नावरही भविष्यातली वाढ द्यायची हे त्याच निकालानं पक्कं केलं. पण तो निकाल हाताशी असूनही "उत्पन्न शून्य" हे वाक्य कोर्टात बोललं जातंच. तेव्हा समोर बसलेल्या माणसाला पहाटेची धार म्हणजे काय हे ठाऊक असावं लागतं.

जुना राजवाडा

शिरोळकर, तुमच्या वहिनींचं वाचून वाईट वाटलं. न्यायाधीशांनी पुरावा मागवला, पासबुकं बघितली, यावर माझा काहीच आक्षेप नाही. उलट माझ्या मनातला न्यायाधीश असाच आहे.

पण मला कायदा आणि दया यांतलं अंतर पुसलेलं नको. रखमाबाईंचा खटला घ्या. लहानपणी लग्न झालेलं, नांदायला गेल्याच नाहीत. नवऱ्यानं मुंबईत दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अशा बाईला जबरदस्तीनं नवऱ्याच्या हवाली करणं रानटीपणाचं होईल असं त्यांचं मत. आज आपण त्यांना मुजरा करू. पण १८८६ मध्ये अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. मग त्या बाईला काय मिळालं? न्यायाधीशाच्या मनाचा भरवसा एका अपिलापुरता.

निवृत्त लघुलेखिका

काका, हा दाखला तुम्ही माझ्या बाजूनंच दिलात! पिन्हींनी नुसतं "वाईट वाटतं" म्हणून दावा फेटाळला नव्हता. एकत्र नांदणं मोडलं असेल तर ते पुन्हा सुरू करा असा आदेश देता येतो. इथं नांदणं कधी सुरूच झालं नव्हतं, मग पुन्हा सुरू काय करणार, असा त्यांचा कायद्यातला मुद्दा होता. त्या बाईच्या जागेवरून प्रकरण बघितल्यामुळं तो त्यांना दिसला. अपिलात टिकला नाही हे खरं. पण रखमाबाई "तुरुंगात जाईन, नांदायला जाणार नाही" म्हणून उभ्या राहिल्या, १८८८ मध्ये नवऱ्यानं २,००० रुपये घेऊन दावा सोडला, आणि पुढं त्या डॉक्टर झाल्या. १८९१ ला संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा हा खटला लोकांच्या ताज्या स्मरणात होता.

सायबर चौक

ताई, याला जोडून मथुरा खटला. १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे. आदिवासी मुलगी, आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात आपल्या वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. रात्रीच्या वेळी, ठाण्याचं दार लावलेलं असताना, पोलिसांपुढं एक गरीब मुलगी ओरडेल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं तर संमती नव्हती असंच कोर्टानं धरून चालायचं.

काका, तुम्ही म्हणता मनापेक्षा नियम बरा. मग त्या तिन्ही कोर्टांपुढं नियम एकच होता ना? कलमं तीच, कागद तेच. वेगळं होतं ते एवढंच, की "ती गप्प राहिली" याचा अर्थ कुणी काय लावला. ज्याला भीती कशी असते हे कधी ठाऊकच नाही तो गप्प बसण्याला होकार समजतो, आणि आपण तटस्थच आहोत असं त्याला वाटत राहतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही २००९ मध्ये १३ वर्षांच्या मुलीची शाळेत गोळ्यांच्या संशयावरून कपडे उतरवून झडती घेतल्याचं प्रकरण आलं होतं. सुनावणीनंतर तिथल्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग जाहीरपणे म्हणाल्या, की माझे सहकारी कधी १३ वर्षांची मुलगी नव्हते. झडती बेकायदा ठरली, आठ विरुद्ध एक मतानं.

मला तटस्थ न्यायाधीश हवाच आहे. पण आपल्या खुर्चीतून जे दिसतं तेच सगळं, असं मानणाऱ्याला मी तटस्थ म्हणणार नाही.

रंकाळाकाठ

इतका वेळ गप्प होतो, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या कोल्हापूरचाच खटला. गावित बहिणी. लहान मुलं पळवून त्यांना मारलं. २००१ मध्ये इथल्या सत्र न्यायालयानं फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं जन्मठेप केली, का, तर दयेच्या अर्जावर निर्णयाला ७ वर्षं १० महिने १५ दिवस लागले. त्या लेकरांच्या आयांच्या जागी कोण उभं राहिलं? मी त्या काळात शाळेत जाणाऱ्या मुलांचा बाप होतो. आजही सहन होत नाही.

निवृत्त लघुलेखिका

दादा, तुमचा राग मी खोटा म्हणणार नाही. त्या वर्षांत आम्हीही पोरांचा हात सोडत नव्हतो.

पण निकालात त्यांच्या कृत्याला कुठंही माफी नाही. दयेच्या अर्जावर विनाकारण वर्षानुवर्षं निर्णय न देणं म्हणजे माणसाला रोज फाशीच्या छायेत ठेवणं, आणि अशा उशिरावर फाशीची जन्मठेप होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच ठरवलं होतं. उच्च न्यायालयानं तो नियम लावला. गुन्हा कितीही घोर असो, माणूस कितीही नकोसा असो, नियम त्यालाही लावायचा. जुना राजवाडा ज्या रामशास्त्री बाण्याबद्दल म्हणतात तो मला इथं दिसतो. लोक खवळलेले असताना असा निकाल लिहायला तो लागतो.

आयांचं तुम्ही विचारलंत, ते मात्र माझ्या मनात घर करून आहे. फाईल ज्या टेबलांवर पडून राहिली तिथं त्या आयांचा विचार कुणी केला असता तर हा प्रश्नच आला नसता. सहृदयता फक्त निकाल लिहिणाऱ्याकडून मागून भागत नाही. कारकुनापासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक टेबलावर ती लागते. मुंबईला पावणेचारशे किलोमीटर जाऊन "तारीख पडली" ऐकून परतणारा शेतकरी मी पाहिला आहे. सहा जिल्ह्यांच्या माणसांना हायकोर्ट जवळ आलं, यातही कुणीतरी त्याच्या जागी उभं राहून बघितल्याचा भाग आहे. वकिलांनी त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षं लढा दिला तो उगाच नाही.

रंकाळाकाठ

टेबलाचं पटलं. निकालाचं अजून पटत नाही. राहू दे तसंच.

जुना राजवाडा

मीही माझं थोडं सरकवतो. साक्ष ऐकताना आणि जिथं कायद्यानं मोकळीक ठेवली आहे तिथं समोरच्याच्या जागेवरून बघावं, मान्य. पण जे बघितलं ते निकालात कारणांसह लिहिलं पाहिजे, म्हणजे वरच्या कोर्टाला तपासता येईल. शिरोळकरांच्या प्रकरणात पासबुक होतं. राखीच्या आदेशात काय होतं? एवढी अट मी सोडणार नाही.

चंदगडी वकील

काका, ती अट मला मान्य आहे. भर एवढीच, की बोर्ड, म्हणजे कोर्टाची त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, भरगच्च असतो. एका साक्षीला किती वेळ देता येईल हे न्यायाधीशाच्या स्वभावावर कमी आणि बोर्डावर जास्त अवलंबून असतं. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा, मग मनाचं बोला.

शिरोळकर

सगळ्यांचं वाचलं. एक काम होतं. माझ्या मावशीची पोटगीची केस आहे, पुढच्या महिन्यात तिची साक्ष. वकील लावायला पैसे नाहीत आणि कोर्टाला भिती. काय सांगू तिला?

निवृत्त लघुलेखिका

दादा, आधी वकिलाचं. बाईला मोफत वकील मिळतो, तिथं उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला कसबा बावड्यात न्यायसंकुलात विधी सेवा प्राधिकरण. आधार कार्ड आणि केसचे कागद घेऊन जा, अर्ज तिथंच लिहून घेतात. साक्षीच्या आधीच जा, त्या दिवशी नको.

आता साक्षीचं. प्रश्न कळला नाही तर मावशींनी "कळला नाही, परत विचारा" असं म्हणायचं. लाजायचं नाही. तारीख आठवत नसेल तर नुसतं "आठवत नाही" म्हणून गप्प बसू नये, जे आठवतंय ते सांगावं : कुठला सण होता, कोण घरी होतं, पोरगं कितवीत होतं. साक्ष संपली की टाइप केलेलं वाचून दाखवतात. तेव्हा घाईनं मान डोलवायची नाही. आपण बोललो त्यापेक्षा वेगळं काही आलं असेल तर तिथंच, न्यायाधीशांपुढं, बोलायचं. दुरुस्ती होते. सही किंवा अंगठा त्यानंतर.

चंदगडी वकील

शिरोळकरदादा, कुठल्या कोर्टात आहे ते मला खासगी निरोपात कळवा. समितीच्या पॅनेलवर कोण आहे ते बघून सांगतो.